वकिलातीची भाषा



गेल्या माघांत एक विद्यार्थी माझ्याकडे आला. शेतकऱ्याचा मुलगा, दहावीचा. आमच्या हिवरा आश्रमास दर वर्षीं विवेकानंद जयंतीचा मोठा उत्सव होतो. हजारों माणसें एका वेळीं पंगतीस बसून पुरी आणि वांग्याची भाजी जेवतात. त्या पंगतींत वाढपाचें काम करून दमलेला हा मुलगा आठ-दहा दिवसांनीं उगवला आणि ओसरीवर बसून म्हणाला, “गुरुजी, राजदूत व्हायचें तर इंग्रजी फाडफाड बोलतां आलें पाहिजे ना? मग आपलें कांहीं जमायचें नाहीं.”

मुलांना शिकवितांना असल्या प्रश्नास माझें उत्तर ठरलेलें असे : आधीं इंग्रजी पक्कें कर, मग बाकीचें पाहूं. एवढ्यावरच मी थांबत असें असेंहि नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं वर्गांतल्या एका हुशार मुलानें जपानी वर्णमालेचा तक्ता कोठून तरी मिळवून वहींत उतरून काढला होता. गणिताच्या तासाला तें सांपडलें. मीं ती वही काढून घेतली आणि त्याला इंग्रजी क्रियापदांचीं रूपें शंभर वेळां लिहावयास लाविलीं. त्या मुलाचें पुढें सर्व यथास्थित झालें, त्याची मला चिंता नाहीं. वही मात्र परत द्यावयाची राहून गेली, ती अजून माझ्या फडताळांत आहे. या नव्या मुलाला जुनेंच उत्तर देण्यास जीभ वळेना. आजचें भाषण हें त्याला द्यावयाचें उत्तर आहे असें समजलें तरी चालेल.

‘वकील’ हा शब्द आतां कोर्टापुरता उरला आहे. पेशवाईंत परदरबारीं राहणाऱ्या प्रतिनिधीस वकील म्हणत. दिल्लीच्या बादशाही दरबारांत मराठ्यांची वकिली हिंगणे घराण्यानें सांभाळली. नाशिकचीं हीं माणसें. त्यांची मायबोली दिल्लींत कोण ऐकणार? दरबार फारसीचा, तेव्हां तेथलें बोलणें, तेथल्या रीतीभाती, मानपान हें सगळें आत्मसात् करणें हाच त्यांचा धंदा होता. शब्दाचा अर्थ पालटला, पण परदेशांतील आपल्या कचेरीला मराठी माणूस अजून ‘वकिलात’च म्हणतो, हें मला बरें वाटतें.

आजची पद्धति अशी आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंतून जे उमेदवार परराष्ट्र सेवेंत निवडले जातात, त्यांना मसुरीस व दिल्लीस शिक्षण मिळतें आणि प्रत्येकाच्या वांट्यास एक परकी भाषा येते. कोणाला अरबी, कोणाला रशियन, कोणाला चिनी. मग ती भाषा जेथें चालते अशा देशांतील वकिलातींत त्यांना कनिष्ठ हुद्द्यावर धाडतात. भाषेची परीक्षा उतरल्याशिवाय नोकरी कायम होत नाहीं. देशांतल्या अत्यंत कठीण परीक्षेंत यश मिळविलेला तरुण पंचविशीच्या घरांत पुन्हां पाटी घेऊन बसतो, आणि परक्या मुलखांतल्या बालवर्गांतील पोरालाहि जें येतें तें त्याला येत नाहीं. सरकारच्या पुष्कळ नियमांत मला शहाणपण दिसत नाहीं, या नियमांत दिसतें.

ज्यांची हकीकत मी त्या मुलाला सांगितली ते श्री. ज्ञानेश्वर मुळे असेच जपानी भाषेच्या पाटीपाशीं बसले. त्यांचा जन्म १९५८ सालचा. गांव अब्दुल लाट, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतलें. गांवांतून ते कोल्हापूरच्या राजर्षि शाहू विद्यानिकेतनांत आले. शालान्त परीक्षेंत संस्कृतासाठीं असलेलें जगन्नाथ शंकरशेट पारितोषिक त्यांनीं मिळविलें. तें पारितोषिक म्हणजे शहरांतल्या नामांकित शाळांची मिरास, असें आम्ही खेड्यांतले मास्तर धरून चालत असूं. पुढें कोल्हापुरांतच शहाजी छत्रपति महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय घेऊन ते पदवीधर झाले. कांहीं काळ पुण्यास उपजिल्हाधिकारी होते. १९८३ सालीं त्यांचा परराष्ट्र सेवेंत प्रवेश झाला आणि पहिली नेमणूक टोकिओस झाली. अब्दुल लाटपासून त्या नेमणुकीपर्यंतचा प्रवास त्यांनीं ‘माती, पंख आणि आकाश’ या मराठी पुस्तकांत लिहिला आहे. खेड्यापाड्यांतील वाचनालयांत त्या पुस्तकाचीं पानें वापरून मऊ झालेलीं दिसतात.

टोकिओंतील आपली वकिलात सम्राटाच्या राजवाड्याच्या खंदकाशेजारीं, कुदान या भागांत आहे. त्या खंदकाच्या कांठावर साकुऱ्याचीं म्हणजे जपानी चेरीचीं झाडें ओळीनें उभीं आहेत. आपला चैत्र लागतो त्या सुमारास तीं फुलतात आणि आठ-दहा दिवसांत झडून जातात. तेवढ्या दिवसांत तीं पाहावयास लोटणाऱ्या गर्दीकरितां आपली वकिलात हल्लीं स्वतःचाहि उत्सव भरविते. तेथें जपानी मंडळी भारतीय पदार्थ खातात, नाच-गाणीं पाहतात. वकिलातीच्या कामाचा हा दर्शनी भाग झाला. आंतल्या खोलींत काय चालतें हें समजण्यासाठीं मात्र त्या भाषेकडे वळलें पाहिजे, आणि मास्तराचा पिंड असल्यामुळें येथें मी जरा रेंगाळणार आहें.

जपानी लिहिणें पाहून कोणाचीहि छाती दडपते. चीनमधून आलेलीं चित्राक्षरें, तीहि एकेका अक्षराचे दोन-तीन उच्चार. नित्य व्यवहारास लागणाऱ्या अशा अक्षरांची जी यादी जपान सरकारनें १९८१ सालीं ठरविली तींत १,९४५ अक्षरें होतीं. मुळे टोकिओस गेले तेव्हां हीच यादी लागू होती. २०१० सालीं ती वाढून २,१३६ झाली. जपानी मूल शाळेंत नऊ वर्षें हीं अक्षरें गिरवितें. परदेशी अधिकाऱ्याला इतका अवकाश कोण देतो?

परंतु या चित्राक्षरांच्या जोडीला हिरागाना व काताकाना अशा दोन अक्षरमाला आहेत, आणि प्रत्येकींत हल्लीं शेहेचाळीस मूलाक्षरें चालतात. माझ्या फडताळांतल्या वहींत होती ती यांपैकींच एक. ती पुष्कळ वर्षांनीं उघडून पाहिली तेव्हां मी चपापलों. पहिली ओळ : अ, इ, उ, ए, ओ. पुढें क, कि, कु, के, को. मग स, मग त, मग न, ह, म, य, र, व. आपलीच बाराखडी! क्रमहि आपलाच : कंठापासून निघून ओठांकडे येणारा, आणि शेवटीं य-र-व. आपल्या चवर्गाच्या जागीं त्यांचा ‘स’ आहे आणि पवर्गाच्या जागीं ‘ह’. कारण फार पूर्वींच्या जपानींत हा ‘ह’ ‘प’सारखा उच्चारीत असत असें भाषाशास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे.

हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत मंत्रांसाठीं जी लिपि चीनमार्गें जपानांत नेली तिला सिद्धम् म्हणतात. ती आपल्या देवनागरीची जुनी बहीण. कूकाइ नांवाचा थोर जपानी आचार्य ८०४ सालीं चीनला गेला, तेथें त्यानें सिद्धम् व मंत्रशास्त्र यांचा अभ्यास केला आणि ८०६ सालीं तो परतला. त्याच परंपरेंतील पंडितांनीं पुढें आपल्या जपानी अक्षरांना संस्कृत वर्णमालेच्या धर्तीवर ओळींत बसविलें. कूकाइनें कोयासान पर्वतावर मठ स्थापिला. तेथील विद्यापीठांत २०१५ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचें अनावरण झालें तें महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्तें. शाळेंत संस्कृतांत बक्षीस मिळविलेला मनुष्य या भाषेपुढें अगदींच उपरा ठरत नाहीं, तें यामुळें.

व्याकरण तर त्याहून जवळचें. इंग्रजी शिकतांना आमच्या मुलांचा जीव कशांत गुदमरतो? क्रियापद कर्त्याला चिकटून मध्यें येतें आणि विभक्तीचें काम करणारा शब्द नामाच्या आधीं बसतो, यांत. जपानींत हें संकट नाहीं. ‘वाताशि वा होन ओ योमिमासु’ म्हणजे ‘मी पुस्तक वाचतों’. शब्द जागच्या जागीं. ‘तोमोदाचि’ म्हणजे मित्र, ‘तोमोदाचि नो होन’ म्हणजे मित्राचें पुस्तक. आपला ‘चा-ची-चें’ जेथें लागतो तेथेंच त्यांचा ‘नो’ लागतो. आणि प्रश्न विचारावयाचा झाला तर? वाक्याच्या शेवटीं ‘का’ म्हणावयाचें. ‘तोकियो नि इकिमासु का’, टोकिओला जातां का! आपला ‘का’ आणि त्यांचा ‘का’ यांचें कुळ एक आहे असें मी म्हणत नाहीं; कोणी तसें सांगूं लागला तर त्यावर विश्वासहि ठेवूं नये. पण हें ऐकल्यावर माझ्या ओसरीवरचा मुलगा प्रथमच हंसला.

आतां अडचणीचा भाग. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. जपानींत क्रियापदच पालटतें. ‘जाणें’ याला साधा शब्द ‘इकु’. समोरची वडीलधारी व्यक्ति जात असेल तर ‘इराश्शारु’. आणि तिच्यापुढें आपल्या जाण्याविषयीं नम्रपणें बोलावयाचें तर ‘माइरु’. येथवर मराठी माणूस निभावून नेईल. पुढें मात्र तो हमखास घसरतो. आपल्या कचेरींतला कारकून बाहेरच्या माणसाला सांगतो, “साहेब आले नाहींत.” साहेब कोणापुढेंहि आदरार्थींच राहावयाचे. जपानी कारकून बाहेरच्याशीं बोलतांना स्वतःच्या साहेबाच्या नांवापुढें ‘सान’ हें आदराचें पद लावीत नाहीं. कारण त्या वेळीं साहेब ‘आपल्या घरचा’ असतो, आणि आपल्या घरच्याची थोरवी परक्यापुढें गाणें असभ्य. आंत कोण आणि बाहेर कोण, याची रेघ प्रत्येक वाक्यागणिक नव्यानें ओढावी लागते. परराष्ट्राच्या प्रतिनिधीला तर ती रेघ पुसटशी झाली तरी महाग पडते.

तसेंच नकाराचें. जपानी गृहस्थ तोंडावर ‘नाहीं’ म्हणण्यास फार संकोचतो. त्यानें ‘हाइ’ म्हटलें म्हणजे पुष्कळदां ‘मी ऐकतों आहें’ एवढाच अर्थ असतो. ‘केन्तो शिमासु’, आम्ही विचार करूं, हें उत्तर आलें कीं जाणता माणूस कागद आवरूं लागतो. देशस्थाच्या घरीं लग्नाची बोलणीं करावयास गेलेल्यांना “पाहूं, पत्रिका ठेवून जा” या वाक्याचा अर्थ कोणी कोशांत पाहावयास सांगत नाहीं. वकिलाला हेंच कसब दुसऱ्यांच्या घरांत साधावें लागतें.

शब्द नीट न पोंचल्यास काय होतें याचें एक भीषण उदाहरण इतिहासांत आहे. १९४५ च्या २६ जुलैला दोस्त राष्ट्रांनीं पॉट्सडॅमहून जपानला शरणागतीचें निर्वाणीचें सांगणें केलें. २८ तारखेला पंतप्रधान सुझुकी यांनीं वृत्तपत्रकारांपुढें त्यासंबंधीं ‘मोकुसात्सु’ हा शब्द वापरला. मोकु म्हणजे मौन, सात्सु म्हणजे मारणें. तूर्त मौन पाळतों असाहि त्याचा अर्थ लावतां येतो, आणि तुच्छतेनें धुडकावतों असाहि. बाहेरच्या जगानें दुसरा अर्थ घेतला. पुढें ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी. त्या एका शब्दामुळेंच बाँब पडले असें कांहीं लिहितात. तें मला पटत नाहीं, कारण अस्त्र तयार होतें आणि वापरण्याची सिद्धताहि झाली होती. तरी देखील अशा घटकेला इतका दुटप्पी शब्द तोंडांतून जावा आणि त्याचा खुलासा करणारा कोणी मध्यें नसावा, हें मनाला लागून राहतें.

आमच्या भागाचा आणि जपानचा संबंध या गोष्टींहून जुना आहे, हें शहरांतल्या श्रोत्यांस कदाचित् नवल वाटेल. ज्यांच्या नांवानें हा आश्रम शुकदास महाराजांनीं उभारला, ते स्वामी विवेकानंद १८९३ च्या ३१ मे रोजीं मुंबईहून आगबोटींत बसले ते थेट अमेरिकेस गेले नाहींत. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करीत ते जपानला उतरले. ओसाका, क्योटो, टोकिओ पाहून योकोहामास आले. तेथून १० जुलैला त्यांनीं मद्रासच्या शिष्यांना पत्र लिहिलें. तेथील देवळांत जुन्या बंगाली वळणाच्या अक्षरांत संस्कृत मंत्र लिहिलेले त्यांनीं पाहिले होते, तें त्या पत्रांत नमूद आहे. तीं अक्षरें सिद्धम् असलीं पाहिजेत. आपल्या तरुणांनीं दर वर्षीं जपानला जाऊन यावें अशी इच्छाहि त्यांनीं व्यक्त केली. पुढच्या बोटीवर जमशेटजी टाटा त्यांचे सहप्रवासी होते. महर्षि कर्व्यांच्या हातीं जपानांतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ सालीं आपलें महिला विद्यापीठ निघालें, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या घरांत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाहीं.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो कापूस. १८९३ सालींच जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीनें मुंबईपर्यंत आपल्या बोटी नियमित सुरू केल्या, त्या मुख्यतः कापसाकरितां. आंखूड धाग्याचा हिंदी कापूस जपानच्या गिरण्यांना हवा असे, आणि तो पिकविणाऱ्या मुलखांत आमचें वऱ्हाड पुढें होतें. १९३३ सालीं हिंदुस्थान सरकारनें परदेशी कापडावरील जकात वाढविली, तेव्हां जपानी गिरण्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार घातला. नुकसान कापूसवाल्याचें, पण वाटाघाटीच्या मेजावर हिंदुस्थानच्या वतीनें बसलें होतें इंग्रजांचें सरकार. १९३४ सालीं करार झाला : जपाननें अमुक गांठी कापूस घ्यावा, हिंदुस्थाननें अमुक वार कापड घ्यावें. वऱ्हाडचा माल कोणत्या शब्दांत विकला गेला हें वऱ्हाडांतल्या एकाहि माणसानें ऐकलें नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर हें चित्र पालटलें. १९५१ सालच्या सान फ्रान्सिस्कोच्या तहपरिषदेस भारत गेला नाहीं. त्यानें जपानशीं १९५२ च्या ९ जूनला स्वतंत्र तह केला आणि युद्धाची भरपाई मागण्याचा हक्क सोडून दिला. १९५८ सालीं जपाननें आपल्या येन कर्जाची सुरुवात भारतापासूनच केली. सुझुकी कंपनीच्या भागीदारींतली पहिली मारुति मोटार १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आली. मुळे सेवेंत शिरले तेंच हें वर्ष. जपानी भांडवल आणि कारखानदारी भारताकडे वळूं लागली होती, अशा वेळीं शिरोळ तालुक्यांतला एक तरुण त्या लोकांच्या ‘विचार करूं’चा अर्थ लावावयास शिकत होता.

जपाननंतर त्यांना रशिया, मॉरिशस, सीरिया असे देश मिळाले. २००९ पासून ते मालदीवमध्यें भारताचे उच्चायुक्त होते. तें राज्य चिमुकलें, पण तो काळ फार कसोटीचा होता. माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनीं २०१३ च्या फेब्रुवारींत अटकेच्या भयानें मालेंतील आपल्याच उच्चायुक्तालयाचा आश्रय घेतला, आणि १३ पासून २३ तारखेपर्यंत ते तेथें राहिले. बाहेर पोलीस व जमाव, आंत पाहुणा. यजमानाच्या तोंडचा एकेक शब्द दोन्ही राजधान्यांत तोलला जात असणार. त्याच वर्षीं ते न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत म्हणून गेले. शेवटीं दिल्लीस परराष्ट्र मंत्रालयांत सचिव असतांना पारपत्राचें खातें त्यांच्याकडे आलें. २०१७ च्या जानेवारीपासून टपाल कचेऱ्यांतून पारपत्र केंद्रें उघडूं लागलीं, आणि दोन-अडीच वर्षांत तीं चारशेंवर गेलीं. पूर्वीं सबंध देशांत मुख्य केंद्रें सत्त्याहत्तर होतीं. आमच्याकडच्या माणसाला त्या निळ्या पुस्तकासाठीं नागपूर गांठावें लागे. एका दिवसाची मजुरी, एस्. टी. चें भाडें, शिवाय एखादा कागद कमी पडला तर दुसरी खेप. हें ज्यानें भोगलें त्यालाच त्या टपाल कचेरींतल्या मेजाची किंमत कळेल. २०१९ सालीं ते राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे सदस्य झाले. या सगळ्या फिरतींत त्यांचें मराठी लेखन चालूच राहिलें. हिंदींतहि त्यांनीं कविता लिहिल्या.

उलट दिशेनें आलेला एक मनुष्य आमच्या विदर्भांत आहे, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. भदन्त सुरई ससाई हे जपानी भिक्षु १९६० नंतरच्या दशकांत नागपुरास आले, लोकांची भाषा शिकले आणि पुढें भारताचे नागरिक होऊन तेथेंच राहिले. त्यांच्या हिंदी बोलण्यावर जपानी वळण आहे, पण दीक्षाभूमीवरच्या गर्दीला तें कधीं खटकलें नाहीं. त्यांना कोणत्याहि सरकारनें धाडलें नव्हतें.

हें सर्व सांगून झाल्यावर मुलगा म्हणाला, “मग इंग्रजी नको?” मीं म्हटलें, “पाहिजेच. तें मुळे यांनींहि सोडलें नाहीं. पण तूं दार एकच आहे असें समजत होतास.” फडताळांतली वही मीं त्याच्या हातीं दिली. मूळ मालकाचें नांव पहिल्या पानावर आहे, त्याला पत्र घातलें आहे; मागितल्यास परत करावयाची आहे.

त्या संध्याकाळीं आम्हीं दोघांनीं वहींतल्या अक्षरांत नांवें लिहिण्याचा खेळ केला. जपानींत ‘ल’ नाहीं आणि ‘ळ’हि नाहीं, दोन्हींचें काम ‘र’ला करावें लागतें, आणि ‘न’ वगळतां उघडें व्यंजन शेवटीं ठेवतां येत नाहीं. त्यामुळें मुळ्यांचे ‘मुरे’ झाले आणि अब्दुल लाटचें ‘अबुदुरु राटो’. आश्रमाचें ‘आशुरामु’ झालें तेव्हां तो पोट धरून हंसला. मग आमच्या गांवाचें नांव लिहावयास घेतलें. हि, व, रा. मराठींत तीन अक्षरें, त्यांच्याकडेहि तीनच. एकाहि ठिकाणीं अडलें नाहीं.